पोर्टल हायपरटेन्शन, लिव्हर आन् ट्रायल: मामाचं नाव संशोधनात द्यावं का?

अरुणावती_काठ
नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, पण ज्याच्या घरात लिव्हरचा पेशंट आहे त्यानं नक्की लिहा.

माझे मामा, वय पंचावन्नच्या आसपास, दिग्रस तालुक्यात कोरडवाहू शेती, कापूस-तूर-सोयाबीन. उन्हाळ्यात एका रात्री रक्ताची उलटी झाली. संडास आधीपासूनच डांबरासारखी काळी होत होती पण ते कोणाले बोलले नाई. आधी यवतमाळ, मग नागपूर. दुर्बीण टाकली तर अन्ननलिकेतल्या नसा फुगलेल्या, त्याले रबर बँड लावले. निदान लिव्हर सिरोसिस अन् पोर्टल हायपरटेन्शन, म्हणजे लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतलं प्रेशर वाढलेलं. पोटात थोडं पाणी. दारू होती, शुगर पण होती. दारू आता पूर्ण बंद आहे.

आता तिथं एक अभ्यास चालू आहे म्हणे. नेहमीचे उपचार सगळ्याइले तेच, त्याच्यावर अर्ध्या लोकाइले एक जास्तीची गोळी अन् अर्ध्याइले तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाले कोणती ते तपासणाऱ्या डॉक्टरले पण माहीत नसते. मराठीतला जाडजूड फॉर्म दिला अन् घरी नेऊन वाचा म्हणाले. मामी म्हणते, "मी याइच्यावर प्रयोग करू देनार नाई." माझं मत आहे की नाव द्यावं. पण मी काही डॉक्टर नाई, म्हणून विचारून राहिलो. तुम्ही काय केलं असतं?

तर्री_जास्त
भाऊ, दारू सुटली हे वाचून बरं वाटलं. मामाले आपल्याकडून एक प्लेट पोहे, तर्री कमी.

काटोलचा_संत्रा
ट्रायलबिलच्या भानगडीत पडू नका. गरीब मानसावरच कायले करतात हे प्रयोग? मंत्र्याच्या पोराले विचारते का कोणी?

सिस्टर_वणी
मी तालुक्याच्या ठिकाणी नोकरी केली आहे, वॉर्डात असे पेशंट खूप पाहिले, म्हणून ट्रायलच्या आधी दुसरी गोष्ट सांगते, ती सगळ्यांनी वाचावी.

रक्ताची उलटी झाली की नातेवाईक पहिलं काय म्हणतात, "ब्लड चढवा". बॉटलसाठी गावभर फोन. रक्त लागतंच, पण या आजारात भराभर रक्त चढवलं तर नसांमधलं प्रेशर परत वाढतं अन् पुन्हा फुटतात. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी अन्ननलिका-जठरातून रक्तस्राव झालेल्या ९२१ पेशंटवर हे तपासलं, २०१३ मधे छापून आलं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तरच रक्त दिलं त्या गटात सहा आठवड्यांनी ९५ टक्के जिवंत होते, ९ च्या खाली गेल्यावर लगेच दिलं त्यात ९१ टक्के. कमी रक्त देऊन जास्त लोक वाचले. हे कोणाच्या अंदाजानं कळलं असतं का? आम्ही तर उलटंच शिकलेलो.

दुसरं म्हणजे दुर्बिणीच्या आधीच टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड (नसांमधलं प्रेशर उतरवणारी इंजेक्शनं) अन् अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. अँटिबायोटिक काऊन? तर रक्तस्राव झाला की या पेशंटला इन्फेक्शन पटकन धरतं अन् त्यातच माणूस जातो. ही औषधं नागपूरला पोचायच्या आधी सुरू होऊ शकतात. रेफर करताना विचारा, सुरू केलं का म्हणून.

अरुणावती_काठ
@सिस्टर_वणी ताई, हे आम्हाले कोणीच सांगितलं नव्हतं. यवतमाळले एक इंजेक्शन लावलं होतं, तेच असन.

पूस_नदी
मी मेडिसिनवाला आहे, पुसदकडे प्रॅक्टिस. थोडं मुळापासून लिहितो, नाहीतर पुढची चर्चा हवेत जाईल.

आतडी अन् प्लीहा इथलं रक्त एका मोठ्या शिरेनं लिव्हरला जातं, ती पोर्टल व्हेन. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं साधारण तीन चतुर्थांश तिच्यातूनच येतं. सिरोसिसमधे लिव्हरमधे व्रणाच्या गाठी पडतात, रक्ताला वाट राहत नाही. गाळानं भरलेल्या बंधाऱ्यामागं पाणी तुंबून बाजूच्या बारीक नाल्यांनी वाट काढतं तसं रक्त अन्ननलिकेच्या अन् जठराच्या बारीक नसांतून वर निघतं, त्या नसा फुगतात, पातळ होतात, फुटतात. त्यात भर म्हणजे पोटातल्या रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइडमुळं सैल पडतात, म्हणून येणारं रक्तसुद्धा वाढतं. जायची वाट अरुंद अन् येणारा लोंढा मोठा, असं दोन्हीकडून.

हे प्रेशर मोजता येतं, गळ्यातल्या शिरेतून नळी टाकून लिव्हरपर्यंत जाऊन. नॉर्मल १ ते ५ (बीपीसारखंच, मिमी पाऱ्यात). १० किंवा त्याच्या वर गेलं की पोटात पाणी, नसा फुगणं हे सगळं सुरू होऊ शकतं. १२ च्या वर फुटायची भीती. सगळीकडे ही मोजणी होत नाही, म्हणून फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) अन् प्लेटलेटवरून अंदाज घेतात.

आता संशोधनाचं. १९८० साली पॅरिसजवळच्या क्लिशीच्या बोजों हॉस्पिटलात डिडिए लेब्रेक यांनी दाखवलं की प्रोप्रानोलॉल, म्हणजे बीपी-छातीच्या धडधडीसाठी वापरात असलेली साधी गोळी, हे प्रेशर कमी करते. पुढच्याच वर्षी त्यांनी ७४ पेशंटवर तुलना छापली. गोळीवाल्यांपैकी ९६ टक्क्यांना वर्षभर पुन्हा रक्तस्राव नाही, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत ५० टक्के. तेव्हा त्या ७४ लोकांच्या घरीसुद्धा कोणीतरी मामी असेलच, नको म्हणणारी. त्यांनी हो म्हटलं म्हणून आज ही गोळी सरकारी दवाखान्यातसुद्धा मिळते.

हल्ली त्याच जातीची कार्व्हेडिलॉल जास्त वापरतात. इटलीत माज्जोरे सरोवराकाठी बावेनो गाव आहे, तिथं १९९० पासून या विषयातले लोक जमून नियम ठरवतात, सातव्या बैठकीनं कार्व्हेडिलॉलला पहिली पसंती दिली. स्पेनमधे २०१९ ला आणखी एक अभ्यास आला, २०१ पेशंट, ज्यांचं प्रेशर १० च्या वर पण अजून पाणी नाही, रक्त नाही. गोळी घेणाऱ्यांत १६ टक्के लोकांचा आजार पुढं सरकला किंवा ते गेले, न घेणाऱ्यांत २७ टक्के. म्हणजे ही गोळी फक्त रक्तस्राव थांबवायची नाही, पाणी होणंसुद्धा टाळते.

अरुणावती, मामांना यातली गोळी सुरू आहे का ते आधी बघा. ट्रायल असो नसो, ती अन् बँडिंगच्या तारखा चुकवायच्या नाहीत. बँड एकदा लावून भागत नाही, नसा पूर्ण बसेपर्यंत दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा दुर्बीण लागते.

धानपट्टा
डॉक्टरसाहेब, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

काटोलचा_संत्रा
@पूस_नदी ते सगळं ठीक आहे, पण मामाले साखरेची गोळी आली तर? त्याचं वर्ष वाया. अन् नवीन गोळीनं काही झालं तर कोण भरून देईन?

आकडेमोड
@काटोलचा_संत्रा तुमची शंका रास्त आहे, तिला उत्तर मिळालंच पाहिजे.

साखरेची गोळी मिळाली तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे फॉर्ममधे लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं तर सही करू नका, विषय संपला. दुसरं, २०१९ च्या भारतातल्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट अन् नुकसानभरपाईची तरतूद आहे. एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर फॉर्मवर असतो, तो खरोखर लावून बघा, उचलतात का. ट्रायल भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवलेली असते, तो नोंदणी क्रमांक मागा, मोबाइलवर पाहता येतो. कधीही कारण न देता बाहेर पडता येतं अन् त्यानं पुढचे उपचार अडत नाहीत.

अन् "वर्ष वाया" याबद्दल. नवीन औषध चांगलंच असणार हे आपण धरून चालतो. या आजाराचा इतिहास तसं सांगत नाही. तीन उदाहरणं देतो.

जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन, पांढऱ्या पेशी वाढवणारं. लिव्हर एकदम कोसळलेल्या ४७ पेशंटवर दिल्लीत तपासलं, २०१२ मधे छापलं. ६० दिवसांनी इंजेक्शनवाले ६६ टक्के जिवंत, बाकीचे २६ टक्के. जगभर आशा. मग जर्मनीत १७६ पेशंटवर केलं, २०२१ मधे आलं, काहीच फायदा नाही, मधेच थांबवावं लागलं.

सिम्व्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची गोळी. स्पेनमधे १५८ पेशंट, रक्तस्राव होऊन गेलेले, म्हणजे अगदी मामांसारखे. २०१६ चा निकाल: पुन्हा रक्तस्राव कमी झाला नाही पण मृत्यू ९ टक्के, बिनऔषधाच्या गोळीत २२. वाटलं आता सापडलं. २०२५ मधे युरोपातल्या मोठ्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन अन् रिफॅक्झिमिन (आतड्यात काम करणारं अँटिबायोटिक) एकत्र दिलं, पोटात पाणी वगैरे झालेल्या पेशंटना, तर फायदा दिसला नाही.

अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रोटीन, शिरेतून देतात. इटलीत २०१८ ला घरी असलेल्या पेशंटना दर आठवड्याला नियमित दिलं तर १८ महिन्यांनी ७७ टक्के जिवंत, न दिलेल्यांत ६६. ब्रिटनमधे २०२१ ला दवाखान्यात भरती असलेल्या ७७७ लोकांच्या अभ्यासात रोज देऊन पातळी वाढवली तर उपयोग शून्य. औषध एकच, वेळ अन् पद्धत वेगळी, निकाल वेगळा.

म्हणून बिनऔषधाच्या गोळीतला माणूस तोट्यात असतो हे आधी सांगताच येत नाही. सांगता आलं असतं तर ट्रायलच करायला नको.

तर्री_जास्त
आकडेमोड भाऊ, शाळेत गणिताले तुम्ही असते तर मी आज इंजिनिअर असतो.

मोहफूल
सगळे इंग्रजी औषधाचंच बोलून राहिले. आमच्याइकडे काविळीवर एक बाबा पानाचा रस देते, गळ्यात माळ टाकते, माळ खाली उतरत गेली की कावीळ उतरली. शेकड्यानं लोक बरे झाले. अन् गुळवेलाचा काढा तर घरोघरी आहे. मामाले गुळवेल सुरू करा, साइड इफेक्ट काहीच नाई.

लॅबवाली
@मोहफूल दादा, राग मानू नका पण हे मामांनी अजिबात करू नये.

साधी कावीळ, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई, ती बहुतेक लोकांत आपोआपच बरी होते. बाबानं माळ टाकली तरी अन् नाही टाकली तरी. माझ्याकडे बिलिरुबिनच्या (काविळीचा आकडा) चिठ्ठ्या येतात, माळ न घालणाऱ्यांचे आकडेपण तसेच उतरतात.

अन् गुळवेल: कोरोनाच्या काळात लोकांनी भरपूर घेतली अन् लिव्हरला सूज आलेले पेशंट दिसायला लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मधे सहा पेशंट नोंदवले, नंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३. ज्यांना आधीपासून सिरोसिस होता त्यांचं जास्त बिघडलं. तुमच्या घरचा निरोगी माणूस घेतो तो भाग वेगळा, मामांचं लिव्हर आधीच काठावर आहे.

मोहफूल
आमच्या आजीपासून घेऊन राहिलो आम्ही. एवढ्यानं मी मानणार नाई. पण तुम्ही म्हणता तर मामाले नका देऊ, त्याची तब्येत नाजूक आहे हे मान्य.

पूस_नदी
लॅबवालीला +१. आणखी एक, जास्त महत्त्वाचं: अंगदुखीचं इंजेक्शन अन् डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनच्या गोळ्या. निंदण-फवारणी करून आलं की माणूस एक "पावरवाली" मागतो. या पेशंटमधे त्या गोळ्यांनी किडनी बसते अन् रक्तस्राव होतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत, तेही डॉक्टरांना विचारून.

लॅबवाली
माझ्या खुर्चीवरून दिसणारी एक गोष्ट सांगते. पावसाळ्यात प्लेटलेट ८० हजार आल्या की सगळे म्हणतात डेंग्यू, पपईच्या पानाचा रस सुरू. पण काही माणसांच्या प्लेटलेट दिवाळीत पण ८० हजारच असतात, होळीत पण. ताप नाही, काही नाही. तो डेंग्यू नसतो. पोर्टल प्रेशर वाढलं की प्लीहा मोठी होते अन् प्लेटलेट तिथंच अडकून राहतात. साध्या सीबीसीतला तो इशारा असतो, रक्ताची उलटी व्हायच्या कितीतरी आधीचा. ज्यांना शुगर आहे, वजन जास्त आहे, दारू आहे, अन् प्लेटलेट कायम दीड लाखाच्या खाली आहेत, त्यांनी एक सोनोग्राफी अन् फिजिशियन, एवढं करावंच करावं.

फायब्रोस्कॅनचा आकडा २० च्या खाली अन् प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर दुर्बीणसुद्धा टाळता येते, हा बावेनोचाच नियम. म्हणजे संशोधनातून फक्त नवीन औषध निघतं असं नाही, नको असलेली तपासणी वाचते हेसुद्धा निघतं.

इंद्रावतीपार
@लॅबवाली ताई, यात एक भर. आमच्या गडचिरोलीकडे प्लीहा मोठी म्हटली की सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आधी तपासा. माझ्या बहिणीला सिकल आहे, लहानपणी प्लीहा मोठी होती, डोळे कायम पिवळसर. एका ठिकाणी लिव्हर खराब सांगितलं, घरात रडारड. मग रक्ताची पूर्ण तपासणी अन् डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्यावर कळलं, सिकलमधे रक्तपेशी फुटून कावीळ दिसते, पोर्टलचं प्रेशर नॉर्मल होतं. पण सिकलवाल्यांना लिव्हरचा त्रास वेगळा होऊ शकतो हेही सांगितलं, म्हणून दरवर्षी दाखवतो.

वर्धा_रोड
मूळ कारणाचं बोला ना. दारू. वर्ध्यात कितीतरी दशकांपासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला लावली अन् २०२१ ला उठवली. ट्रायल कशाच्या करता, दुकानं बंद करा.

काटोलचा_संत्रा
वर्ध्यात बंदी आहे म्हणून वर्ध्यात मिळत नाई का? सांगू का कुठं मिळते?

इंद्रावतीपार
काका, तुमच्याकडे काय होते ते माहीत नाही, आमच्या गावात बायांनी स्वतः भट्ट्या फोडल्या अन् पिणं खरंच कमी झालं. बंदी कागदावर राहिली तर उपयोग नाही, गाव उभं राहिलं तर होतो.

वर्धा_रोड
हेच म्हणायचं होतं मला.

पूस_नदी
दारू सोडण्याइतकं गुणकारी औषध या आजारात दुसरं नाही हे निर्विवाद. सोडल्यावर प्रेशर उतरू शकतं, पाणी जाऊ शकतं. पण दारू हे एकच कारण नाही. हिपॅटायटिस बी आहे, सी आहे. सीवर आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक लोक पूर्ण बरे होतात, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ती औषधं मोफत आहेत. शुगर-चरबीवालं लिव्हर तर झपाट्यानं वाढतंय. "लिव्हर गेलं म्हणजे पीत असणार" या समजानं लोक दाखवायलाच येत नाहीत.

वैनगंगेची_माय
डॉक्टरसाहेबाइनं शेवटचं वाक्य लिहिलं म्हणून मी लिहून राहिले, नाई तर फक्त वाचत होते.

माझा पोट्टा आठ वर्षाचा. भंडारा जिल्ह्यात राहतो. मागच्या वर्षी शाळेतून घरी आला अन् रक्ताची उलटी, इतकं रक्त की मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं. गावात काय काय बोलले लोक. बाप पितो म्हणून पोराले लागलं, कोणी करणी केली, कोणी म्हणे मायनं लक्ष नाई दिलं. त्याचा बाप सुपारीले हात नाई लावत.

तपासात निघालं की लिव्हर चांगलं आहे. लिव्हरमधे शिरायच्या आधीच ती शीर लहानपणी कधीतरी गुठळी होऊन बंद झाली. नाव मोठं आहे, डॉक्टर ईएचपीव्हीओ म्हणतात. तीनदा बँड लावून झाले. आता पोट्टा खेळते, जेवते. पण माझी झोप गेली ती गेलीच.

सिस्टर_वणी
माय, तुमच्या हिमतीला नमस्कार. लोकांचं मनावर घेऊ नका, यात तुमचं किंवा त्याच्या बाबांचं काहीच नाही.

पूस_नदी
@वैनगंगेची_माय ताई, तुमच्या मुलाचा आजार आपल्या देशात लहान मुलांमधे पोर्टल हायपरटेन्शनचं एक मोठं कारण आहे, पश्चिमेकडे तो इतका दिसत नाही, म्हणून यावरचं बरंच काम भारतातच झालं. लिव्हर शाबूत असल्यामुळं मुलं रक्तस्रावातून सहसा सावरतात. बँडिंगनं नसा बसवता येतात. काही मुलांमधे शस्त्रक्रियेनं आतड्याकडच्या शिरेतलं रक्त थेट लिव्हरच्या आतल्या पोर्टल फांदीला जोडतात, त्याला मेसो-रेक्स म्हणतात, १९९२ पासून होते. सगळ्यांना जमत नाही, आतली फांदी उघडी पाहिजे, पण डॉपलर किंवा सीटी करून एकदा बालशल्यचिकित्सकांचं मत घ्याच.

अन् आधी ट्रायलला कोणी कशाला हो म्हणावं असं विचारत होते, तर बँडचंच बघा. दिल्लीत डॉ. शिवकुमार सरीन यांच्या गटानं ८९ पेशंटवर बँड अन् प्रोप्रानोलॉलची तुलना केली, १९९९ मधे अमेरिकेतल्या मोठ्या जर्नलात आली. कधीच रक्तस्राव न झालेल्या पण नसा मोठ्या असलेल्यांत १८ महिन्यांत बँडवाल्यांपैकी १५ टक्क्यांना रक्तस्राव झाला, गोळीवाल्यांपैकी ४३. नंतरच्या अभ्यासांत हा फरक कमी झाला, आज डॉक्टर पेशंट बघून दोन्हीतलं ठरवतात. पण बँड कधी लावायचे हे जगाला शिकवण्यात आपल्याकडच्या साध्या वॉर्डातल्या पेशंटचा वाटा आहे. मला याचा अभिमान वाटतो.

धानपट्टा
अवांतर: जेवणाचं कोणी लिहा. माझ्या वडिलांना सिरोसिस आहे, गावातले म्हणतात डाळ-अंडी बंद, फक्त भात अन् उसाचा रस. मानूस वाळून चालला.

सिस्टर_वणी
हे जुनं झालं हो. आता प्रोटीन कमी करत नाहीत, उलट किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम रोज. वडील ६० किलोचे असतील तर ७२ ते ९० ग्रॅम, तेवढं खाणंच जड जातं. डाळ, फुटाणे, दही, चालत असेल तर अंडी. रात्री झोपायच्या आधी काहीतरी खायलाच द्या, कारण या लिव्हरला साठवण जमत नाही, रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू खातं. सकाळी उठल्याबरोबर पण काही द्या. मीठ मात्र कमी, पोटात पाणी असेल तर दिवसाला एक लहान चमचा, सगळं धरून. ठेचा, लोणचं, पापड, सांडगे यात मीठ लपलेलं असतं.

तर्री_जास्त
ठेचा बंद? ताई, मामाले विदर्भातून तडीपारच केलं तुम्ही!

सिस्टर_वणी
तिखट चालते हो भाऊ, मीठ नाही. बिनमिठाचा ठेचा करून लिंबू पिळा, जमते.

बेंबळा_काठ
माझे बाबा एका संध्याकाळी घरातच रस्ता चुकले, शर्टाचे बटण लागेनात, आईला तिच्या नावानं ओळखेनात. लकवा समजून घेऊन गेलो. लिव्हर साफ करत नाही ते विष डोक्यात चढतं म्हणाले. लॅक्टुलोजचं सिरप दिलं अन् दुसऱ्या दिवशी माणूस परत आला. ते सिरप घरी आल्यावर बंद करू नका, दिवसाला दोन-तीन मऊ संडास झाल्याच पाहिजेत. हेही दिल्लीतच तपासलेलं आहे म्हणे, खरं का?

आकडेमोड
खरं. २००९. सिरप चालू ठेवणाऱ्यांत १९.६ टक्के पुन्हा गोंधळले, बंद करणाऱ्यांत ४६.८.

इंद्रावतीपार
एक विचारू? एवढे प्रतिसाद झाले. मामी काय म्हणते ते कळलं, भाचा काय म्हणतो ते कळलं, संत्रा काका, डॉक्टर, सगळ्यांचं कळलं. मामांना कोणी विचारलं का?

लॅबवाली
+१००. सही त्यांची आहे.

अरुणावती_काठ
@इंद्रावतीपार आज गावाले जाऊन बसलो त्याइच्याजवळ. मामीपण होत्या. मी अख्खा फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवला, जिथं समजलं नाई तिथं आकडेमोड भाऊंचा प्रतिसाद वाचला. मामा सगळं ऐकून घेऊन म्हणे, "दोन गोष्टी विचार. एक, मी मधे सोडली तर बँड लावायले पैसे लागन का? दुसरं, सोयाबीन सोंगायच्या टायमाले नागपूरले या लागन का?" मामीचं एकच म्हणणं होतं, रक्त किती वेळा काढतीन. फॉर्ममधे आकडा होता, तो दाखवला, त्याइले इतका वाटला नाई.

दवाखान्यात फोन केला. सोडली तरी बँडिंग योजनेतूनच होईन, फरक नाई. तारखा मागंपुढं करता येतात, प्रवासाचा खर्च देतात. नोंदणी क्रमांक पण मिळाला, मोबाइलवर पाहिला, आहे. अन् हो, कार्व्हेडिलॉल चालू आहे, पण सकाळी उठताना अंधारी येते म्हणतात.

पूस_नदी
अंधारी येते तर बीपी मोजा, बसून अन् उभं राहून. वरचा आकडा ९० च्या खाली जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करतील. मनानं बंद करू नका. अन् ट्रायलच्या डॉक्टरांना हे सही करायच्या आधी सांगायचं, लपवायचं नाही.

माझं मत विचारलं होतं तर माझ्या वडिलांना असतं तर मी नाव दिलं असतं. दर भेटीला कोणीतरी नीट तपासतं, तारीख चुकली की फोन येतो. आपल्याकडे पेशंट गोळी नाही म्हणून कमी जातात, पाठपुरावा तुटतो म्हणून जास्त जातात.

काटोलचा_संत्रा
मी अजूनही म्हणतो की प्रत्येक ट्रायल चांगली नसते. पण एवढं विचारून, मामानं स्वतः ठरवून जात असन तर जावं. फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवजा अन् एथिक्सवाल्याचा नंबर मामीच्या मोबाइलमधे टाकून देजा.

अरुणावती_काठ
टाकला काका. सोमवारी जाऊन राहिलो, मामीपण येते म्हणतात, डॉक्टरले त्याइले स्वतः दोन प्रश्न विचारायचे आहेत.

वैनगंगेची_माय
डॉक्टरसाहेब, जाता जाता एक सांगा. पोट्टा शाळेत कबड्डीत नाव टाकतो म्हणते. नाई म्हटलं तर रडते. जाऊ देऊ का?

पूस_नदी
प्लीहा मोठी असेल तर कबड्डी, कुस्ती नको, पोटावर मार बसला तर ती फुटू शकते. धावणं, लंगडी, बॅडमिंटन चालेल. सोनोग्राफीत प्लीहेचं माप दिलेलं असतं, रिपोर्ट जवळ असेल तर ते माप इथं लिहा. अन् खेळाच्या सरांनाही प्लीहेचं सांगून ठेवा.

वैनगंगेची_माय
रिपोर्ट माहेरी आहे. भाऊ उद्या आणून देते, मग लिहिते.